फुकट वाटलेली झील

शिरूरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं कॅसेटचं दुकान होतं. विकायच्या कॅसेट थोड्या, भरून देण्याचं काम जास्त. गिऱ्हाईक गाण्यांची यादी आणायचं आणि मी ती गाणी कोऱ्या कॅसेटवर उतरवून द्यायचे. लग्नाची यादी वेगळी, ट्रकवाल्यांची वेगळी, गणपतीच्या मंडळांची वेगळी. प्रत्येक गाण्यापुढे किती मिनिटं ते लिहिलेलं असे, म्हणजे बाजू संपताना गाणं मधेच तुटत नसे. हे काम कायद्यात बसत नव्हतं, ते मला माहीत होतं. सगळ्या तालुक्यात तेच चाललं होतं म्हणून मीही करत होते. याहून चांगलं कारण तेव्हा माझ्याकडे नव्हतं, आताही नाही.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. नवरा रांजणगावला कंपनीत शिफ्टला जायचा, मी दुकान बघायचे. त्या काळात आमच्या भागात ज्यांचं नाव सांगावं लागत नसे असे एकच गायक होते. धनगरी ओव्या गायचे. सगळे त्यांना आप्पा म्हणत. आधी मेंढरांमागे गायले, मग जत्रांमधून, मग एका कंपनीनं त्यांच्या दोन कॅसेट काढल्या आणि नगरपासून सांगलीपर्यंत रस्त्याकडेच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर आप्पा वाजू लागले.

ओवी एकट्यानं गायची नसते. पुढचा ओळ टाकतो, मागचा ती उचलतो आणि लांबवतो, तेवढ्यात पुढच्याला दम घेता येतो आणि पुढची ओळ आठवता येते. मागच्याच्या त्या ओळीला झील म्हणतात. आप्पांची झील मामा धरायचे. मामा दौंड तालुक्यातल्या, भीमेच्या काठच्या एका गावचे. दोघं तरुणपणी एकाच कळपामागे हिंडलेले. आप्पा उंच, बोलके, फेटा जरा तिरका बांधणारे. मामा ठेंगणे, पन्नाशीतच दोन दात पडलेले, आणि गाणं सोडून इतर वेळी तोंडातून शब्द काढायला कंजूष. कॅसेटच्या कव्हरवर फोटो आप्पांचा. मामांचं नाव खाली 'आणि सहकारी' या दोन शब्दांत होतं.

एक दिवस दुपारी दोघं दुकानात आले. आप्पांनी खिशातून कॅसेट काढून काउंटरवर ठेवली.

"ताई, ह्या नव्या ओव्या. कंपनीला देणार न्हाई."

"मग कोणाला देणार?"

"तुमाला."

"मला नाही परवडायचं, आप्पा."

"फुकट देतोय वो! जो कोरी कॅसेट घिऊन यील त्याला भरून द्या. भरायचं काय घिऊ नका. कोरी कॅसेट तुमच्याकडनंच घेत्याल लोकं, ते तुमचं तुमाला."

मी विचारलं, असं का? तेव्हा आप्पा जे बोलले ते मला अजून पटतं, म्हणूनच सांगते. "माझ्या बानं गायलं, त्याच्या बानं गायलं. मेंढराच्या मागं गायल्यालं त्यांनी कुणाला इकलं का? मग मी कोण इकणारा? कंपनीनं एकदा इकलं, तवाच मला झोप लागंना. ज्याच्या घरी टेप हाय त्याच्या घरी ओवी जाऊ द्या."

मामा दुकानाच्या पायरीवर बसून चपलेच्या तळव्यात रुतलेला काटा काढत होते. त्यांना कोणी काही विचारलं नाही. मीही नाही. मी लगेच वहीत नवं पान काढलं आणि वर लिहिलं, 'आप्पा, नवीन, फुकट'.

संध्याकाळी कॅसेट ऐकली. देवळाच्या सभामंडपात एकाच माइकवर भरलेली होती. आप्पांना हात हलवून, चालत गायची सवय, म्हणून ते माइकपासून लांब. मामा मांडी घालून माइकशेजारी. त्यामुळे आप्पांचा आवाज येत होता माळावरून आल्यासारखा आणि मामांचा येत होता कानाशी. ऐकणाऱ्याच्या लक्षात राहायची ती झीलच.

ती कॅसेट किती जणांना भरून दिली ते मोजणं मी महिन्याभरात सोडून दिलं. मी एकीला दिली की ती तिघींना द्यायची. न्हावऱ्याच्या गिरणीत ती वाजत होती, ऊसतोडीच्या गाड्यांवर वाजत होती, दौंड स्टेशनबाहेरच्या टांग्यांच्या अड्ड्यावर वाजत होती. आप्पांचं नाव आधी होतंच, आता त्याला पुण्य चिकटलं. एवढा मोठा माणूस आणि कला फुकट वाटतो! शाळांची उद्घाटनं, पतसंस्थांचे वर्धापनदिन, निवडणुकीतल्या सभा, सगळीकडे आप्पा. सभेत ते दोन ओळी गायचे, शाल घ्यायचे, जीपमध्ये बसायचे. दोन ओळींना झील लागत नाही. मामांना जीपमध्ये जागा नसायची असं नाही, पण बोलावणं नसायचं.

त्याच सुमारास जागरण-गोंधळ करणारा एक माणूस माझ्याकडे स्वतःच्या कॅसेटचं खोकं ठेवून गेला होता. पदरमोड करून पुण्यात भरून आणलेल्या. चांगला गायचा. लोक खोक्यात हात घालायचे, कव्हर बघायचे आणि म्हणायचे, "आप्पायेवढा माणूस फुकट देतो, आन् ह्यो कोण लागून गेला पैसं मागणारा?" एकदा तो स्वतः दुकानात असताना एकानं हे त्याच्या तोंडावर म्हटलं. तो हसला. चार महिन्यांनी खोकं न्यायला आला तेव्हा उन्हानं कव्हरं पांढरी पडली होती.

नामांकित माणसानं आपलं नवं गाणं फुकट द्यावं का, यावर पुढे पेपरात बरंच वाचलं. मी माझ्या दुकानात जेवढं पाहिलं तेवढंच सांगू शकते. ज्याचं नाव झालेलं असतं त्याला फुकट देणं परवडतं, कारण त्याला मोबदला दुसऱ्या दारानं मिळतो. ज्याचं नाव झालेलं नसतं त्याला दुसरं दारच नसतं. आणि एका गाण्यात किती जण असतात ते फुकट देणारा मोजत नाही. मीही मोजलं नव्हतं.

पुढच्या दोन वर्षांत जत्रांच्या सुपाऱ्या कमी झाल्या. आमच्याकडे कार्यक्रम ठरवणं म्हणजे सुपारी देणं. गावची कमिटी पानसुपारी आणि नारळ घेऊन गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या पार्टीकडे येते, आणि ती घेतली की शब्द दिला. आता कमिट्या म्हणू लागल्या, आप्पा येणार नसतील तर पार्टी कशाला? कॅसेटात आप्पापण आहेत, मामापण आहेत, ढोलपण आहे. स्पीकर तर लावायचाच असतो. पार्टीतला एक ढोलवाला रिक्षा चालवायला लागला. दुसरा रांजणगावला ठेकेदाराकडे लागला. मामा गावीच राहिले.

मग एका चैत्रात, जत्रेच्या आठ-दहा दिवस आधी, मामा एकटे दुकानात आले. सकाळची एसटी धरून चौफुल्यावरून आले होते. पाणी प्यायले. 

"ताई, कॅसेटातनं माझा आवाज तेवढा काढता यील का?"

मला आधी वाटलं, रागानं म्हणताहेत. राग नव्हता. त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या गावच्या जत्रेत देवाची पालखी देवळाबाहेर निघते तेव्हा पहिली ओवी होते, आणि त्या ओवीची पहिली झील धरायचा मान मामांच्या घराकडे. त्यांच्या आजोबांपासून. त्यासाठी कमिटी आधी नारळ-सुपारी घेऊन त्यांच्या दारात येते, आणि झील झाली की मानाचं ताट पुन्हा सगळ्यांदेखत देते. पुढे गाणारा कोणी का असेना, झील या घराची. जमीन वाटणीत बारीक झाली, मेंढरं गेली, पण वर्षातून एक दिवस सगळं गाव पालखी उचलून त्यांच्या झिलीसाठी थांबायचं. यंदा आप्पा येणार नव्हते, कुठेतरी मोठा समारंभ होता. म्हणून कमिटीनं ठरवलं होतं की पालखीला कॅसेट लावायची.

"मी म्हणलं, कॅसेट लावा, पर झील मी धरणार. तर म्हणत्यात, मामा, झील तर कॅसेटात हायेच की! तुमचीच हाय! दोनदोनदा कशाला?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणू? खरंच हाय त्यांचं. म्हणून म्हणतो, आप्पाचा तेवढा ठिवा आन् माझा काढा. मंग त्यांना मी लागंल."

"एकाच माइकवर भरलंय, मामा. दुधात पाणी मिसळल्यावर पाणी कसं वेगळं काढणार?"

ते उठले. चपला पायात घालायला लागले. मला ते बघवेना, आणि मी कामाचं माणूस. नाही म्हणून गप्प बसणं मला जमत नाही. मी म्हटलं, थांबा. आवाज वेगळा काढता येणार नाही, पण झिलीची जागा पुसता येईल. दुसरी प्रत करायची आणि जिथे जिथे झील येते तिथे, टेपला काही न जोडता, रेकॉर्डचं बटण दाबायचं. तेवढी फीत कोरी होते.

"म्हंजी तिथं काय वाजणार न्हाई?"

"काहीच नाही. तिथे तुम्ही."

मामांनी पहिल्यांदाच काउंटरवर हात ठेवला. "करा," म्हणाले.

पालखीची ती ओवी पहिल्या बाजूवर होती, जवळजवळ पूर्ण बाजूभर. मी एक सबंध दुपार टेपच्या आकड्यांकडे बघत यादी केली. झील सुरू, झील बंद. एकूण बासष्ट जागा. दुसऱ्या दुपारी एकेक जागा पुसली. अडचण एक होती. आप्पांचा शेवटचा शब्द पुरा व्हायच्या आधीच मामा झील उचलायचे; ती त्यांची खुबी होती. त्यामुळे पुसताना आप्पांचे शेवटचे शब्द अर्धे तुटले, आणि प्रत्येक जागी बटणाचा 'टक्' असा आवाज राहिला. मी मामांना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटले, पहिल्या तुटलेल्या शब्दावर झील उचलली, आणि माझ्या सात बाय नऊच्या दुकानात ती अशी भरली की समोरचा सायकलवाला हातातला पंप सोडून दारात आला. बासष्टच्या बासष्ट जागा त्यांनी गाऊन दाखवल्या. एकही चुकली नाही.

लेबलवर मी नेहमीच्या अक्षरात लिहिलं, 'पालखी, बाजू अ'. त्याखाली एक ओळ लिहायला हवी होती : मधली शांतता मुद्दाम ठेवली आहे. ती मी लिहिली नाही. वाण्याच्या यादीतसुद्धा 'हळद (कुटलेली नको)' असं लिहिणारी मी बाई. सुचलंच नाही. मामा स्वतः तिथे उभे असणार, मग सांगायची काय गरज, असं वाटलं असावं.

जत्रेला मी आणि नवरा स्कूटरवरून गेलो. कमिटीनं मामांची कॅसेट लावायचं कबूल केलं होतं. देवळासमोर पिंपळाखाली लोक, भंडाऱ्यानं पिवळी झालेली फरशी, अकराचं ऊन. स्पीकरवाला दौंडहून आलेला. त्याचा अँप्लिफायर देवळाच्या मागच्या अंगाला, एका टेबलावर. तिथून पालखी दिसत नव्हती. मामा पालखीच्या पुढे उभे. धुतलेलं धोतर, खांद्यावर नवी घोंगडी. त्यांची बायको आणि सून बायकांत, माझ्या शेजारी.

पालखी उचलली. स्पीकरमधून आप्पांची ओळ आली, शेवटचा शब्द तुटला, टक्, आणि मामांनी झील धरली. माइक नव्हता. गरजही नव्हती. त्यांची बायको माझा हात दाबून म्हणाली, "बघा." दुसरी ओळ, टक्, दुसरी झील.

तिसऱ्या ओळीला शब्द तुटला आणि स्पीकर खरखरला. मग मोठ्यानं पुन्हा पहिल्यापासून ओवी सुरू झाली, आणि आप्पांची ओळ संपायच्या आत, चारी कर्ण्यांतून, मामांचा आवाज आला. जुना आवाज. सभामंडपातला, माइकशेजारचा. मामांनी तोंड उघडलं होतं. त्यांनी झील धरलीही. पण स्पीकरमधले मामा त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठे होते. एक-दोन जागा त्यांनी दम लावला. मग थांबले. कर्ण्यातली झील चालूच.

मी देवळाच्या मागे पळत गेले. स्पीकरवाला आरामात बसला होता.

"कॅसेट का बदलली?"

"खराब हाय ती. सारखी तुटतीय. मधी मधी काय वाजतच न्हाई." त्यानं मला माझ्याच हातच्या लेबलाची दुसरी कॅसेट दाखवली, पूर्ण भरलेली. "ही चांगली हाय माझ्याकडं. शिरूरवरनं फुकट आणलेली."

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता ती परत लावा. तो म्हणाला, "चालू पालखीत बंद करू व्हय? गाव मला मारंल."

परत आले तेव्हा पालखी निघून गेली होती. मामा तिथेच होते. पोरं आणि कमिटीतले दोघं त्यांच्याभोवती. कोणीतरी थट्टेनं म्हणालं, "मामा, तोंड मिटून गाताय व्हय! मोठी इद्या शिकला!" लोक हसले. त्यात कुचकेपणा नव्हता. चांगलं वाजलं म्हणून सगळे खूश होते.

मग जे झालं ते दुसऱ्या कोणत्या गावात झालं असतं असं मला वाटत नाही. कमिटीच्या अध्यक्षांच्या हातात नारळ आणि सुपारीचं ताट होतं. मान मोडायचा नाही हे त्यांच्या मनात पक्कं होतं, पालखीला झील झाली की मान द्यायचाच. ते ताट घेऊन मामांकडे आले, क्षणभर थांबले, आणि मला वाटतं त्यांना खरंच कोडं पडलं. झील कोणी धरली? शेवटी ते म्हणाले, "मामा, झील तर कॅसेटातच झाली. मान तिथंच ठिवतो. तुमचाच हाय तो." आणि सगळ्यांच्या देखत देवळामागे जाऊन त्यांनी नारळ-सुपारी अँप्लिफायरवर ठेवली, वर भंडारा टाकला, हात जोडले. स्पीकरवाल्यानं नारळ फोडून तिथल्या पोरांत वाटला.

मामांनी घोंगडी खांद्यावरून काढून घडी घातली आणि सुनेच्या हातात दिली. घरी जेवायला बोलावलं, आम्ही गेलो. पुरणपोळी होती. कोणी नीट जेवलं नाही.

आठवड्यानं आप्पा दुकानावरून जात होते, मी हाक मारून आत बोलावलं आणि सगळं सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं. म्हणाले, "माझ्या मनात काय पाप न्हवतं, ताई. मी तर सगळ्यांनाच फुकट दिलं. मामालाबी फुकटच दिली की कॅसेट!" त्यांना आपण काय म्हणालो ते कळलं नाही. मी समजावू लागले, तोवर बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

पुढच्या वर्षी कमिटी मामांच्या दारात गेलीच नाही. त्यांनीही विचारलं नाही. कोरडवाहूवर भागेना, तेव्हा माझ्या नवऱ्यानं शब्द टाकून त्यांना रांजणगावला एका कारखान्याच्या गेटवर लावून दिलं. खाकी शर्ट, शिट्टी, गाड्यांचे नंबर लिहायची वही. शिरूरला एक खोली घेऊन राहायचे. जत्रेच्या दिवशी रजा मिळत असूनही ते ड्यूटी मागून घ्यायचे.

मी दुकान बंद केलं ते सीडी आल्यावर. त्याच्या थोडं आधीची गोष्ट नवऱ्यानं घरी येऊन सांगितली. सकाळच्या शिफ्टची कंपनीची बस, तो आणि मामा मागच्या सीटवर. ड्रायव्हरनं आप्पांची ती कॅसेट लावली. शेजारी बिहारकडचा एक नवा कामगार बसला होता. झील सुरू झाली तसा तो हातातला डबा खाली ठेवून ऐकायला लागला. दोन ओव्या झाल्यावर त्यानं मामांना विचारलं, "चाचा, ये पीछेवाला कौन है? बहोत अच्छा गाता है."

मामा खिडकीबाहेर बघत होते.

"पता नहीं," म्हणाले. "फुकट का है."

नवऱ्याला वाटलं आपण सांगावं. पण मामांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला होता, आणि गेट येईपर्यंत तो काढला नाही.